उन्हाने औषध उडतं का? तणनाशक, माती आणि पाव मिलिमीटरचा इतिहास

ज्यांचं नेटवर्क मानखुर्दच्या पुढे गेलं आणि भाग अर्धवट राहिला, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' खूप वेळा आलं ते कापलंय. बाकी सगळं तेच आहे.

आज किल्ला नाही, लढाई नाही, तहसुद्धा नाही. आजचा इतिहास शेताच्या बांधावरचा आहे आणि तो सुरू होतो माझ्या आजीच्या ओट्यात.

गेल्या जुलैतली गोष्ट. मी राहतो पनवेल शहरात, पण आमचं मूळ घर तालुक्यातल्याच एका गावात. काका अजून भात लावतो. शनिवारी सकाळी पोचलो तर आजी बांधावर वाकून टाकळा खुडत होती. कोवळा, हिरवागार टाकळा. पाऊस पडला की आमच्या घरात ही भाजी झालीच पाहिजे. मी सहज म्हटलं, "आजी, या बांधावर काकाने परवा औषध मारलंय ना?"

"मारलंय ना बाला. पण दोन दिवस ऊन काय पडलं बघितलंस? उन्हानं उडालं असेल सगळं."

काका खाचरातून ओरडला, "दुकानदार पण तेच बोलला. ऊन लागलं की पावर जाते त्याची."

मी तिथे उभा. बीटेक झालेला, सहा वर्षं कोड लिहिणारा माणूस. आणि मला माहीतच नव्हतं की हे खरं आहे का खोटं. शेवटी मी ती भाजी टाकायला लावली. आजी दुपारभर माझ्याशी बोलली नाही. लग्न होऊन आल्यापासून ती या बांधावरची भाजी खाते, आणि मी मोबाईल हातात धरून तिला 'नको' म्हणत होतो, तेही कारण न सांगता.

कारण सांगता यावं म्हणून मी वाचायला बसलो. तीन-चार रविवार गेले. जे सापडलं ते आज सांगतो. आजी पूर्ण चुकीची नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

औषधाआधीची आग

रासायनिक तणनाशक यायच्या आधी कोकणातला शेतकरी तण कसं मारायचा? एक उत्तर म्हणजे हाताने. बेणणी. बायका ओळीने वाकून पाण्यात उभ्या, दिवसभर. दुसरं उत्तर म्हणजे राब.

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. भाताचं रोप आधी एका छोट्या तुकड्यात वाढवतात आणि मग उपटून लावणी करतात. ते रोप टाकायच्या आधी, उन्हाळ्यात, त्या तुकड्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वरून माती पसरायची आणि पेटवून द्यायचं. आग हळूहळू धुमसते. वरची माती भाजून निघते, त्यातलं तणाचं बी मरतं, राख मिळते. मग पावसात तिथे भात पेरलं की रोपाला स्पर्धाच नाही.

या राबावरून एकोणिसाव्या शतकात मोठं भांडण झालं होतं. इंग्रजांच्या जंगल खात्याने फांद्या तोडायला बंदी आणायला सुरुवात केली. राबाला झाडांच्या फांद्या लागतात आणि जंगल तर सरकारचं. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतकी नाराजी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला एक वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. पनवेल त्या वेळी कुलाब्यात होतं. हाच कुलाबा १९८१ साली रायगड झाला. पुढे ऑगस्टस व्होल्कर नावाचे शेतीरसायनाचे इंग्रज तज्ज्ञ भारतभर फिरले आणि १८९३ साली त्यांचा जाडजूड अहवाल छापून आला. त्यात राबाची चर्चा आहे. साहेबांना पडलेला प्रश्न साधा होता: हे अडाणीपणाचं जाळणं आहे, की यात काही शास्त्र आहे? मुंबई प्रांताच्या शेती खात्याने केलेल्या प्रयोगांत दिसलं की शेतकरी उगाच जाळत नव्हता.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे. राबाची आग खोल जात नाही. ती भाजते फक्त वरचा थर. पण उगवायला तयार असलेलं तणाचं बी बहुतेक त्याच वरच्या थरात असतं, म्हणून काम होतं. तणाची सगळी लढाई मातीच्या कातडीवर चालते.

उन्हाला न घाबरणारं विष

आता रसायनांकडे येऊ. भारतात रसायनाने तण मारायचा सुरुवातीचा एक प्रयत्न १९३७ साली पंजाबात झाला. वापरलं होतं सोडियम आर्सेनाइट. नावातच आर्सेनिक आहे, म्हणजे आपल्या साध्या भाषेत सोमल.

आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. त्याचे संयुग बदलेल, रूप बदलेल, पण आर्सेनिक स्वतः कुठेही जात नाही. ऊन शंभर वर्षं पडू दे. ऊन फार तर रेणूतले बंध तोडू शकतं, अणू तोडू शकत नाही. त्यामुळे 'उन्हाने उडतं का' हा प्रश्न त्या काळात विचारण्यातच अर्थ नव्हता.

हा प्रश्न जन्माला आला दुसऱ्या महायुद्धानंतर. ब्रिटन आणि अमेरिकेत युद्धाच्या काळात गुप्तपणे एका रेणूवर काम झालं. वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करणारा रेणू. रुंद पानाचं तण त्याने वेडंवाकडं वाढून मरतं, गहू-भात मात्र वाचतो. तो म्हणजे टू-फोर-डी. १९४५ मध्ये तो अमेरिकेत विकायला आला, आणि १९४६ मध्ये भारतातही पोचला. काकाच्या पिढीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, 'टूफोरडी' हा शब्द एका दमात म्हणेल.

हा सेंद्रिय रेणू. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, क्लोरिन. म्हणजे तुटू शकणारा. आणि तो कशाने तुटतो, याचा शोध सुरू झाला.

ऊन चोर आहे, असं आधी वाटलं

इथे मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं. मला वाटलं होतं की उन्हाचा अभ्यास पर्यावरणाच्या काळजीने सुरू झाला असेल. पण सुरुवातीची काळजी उलटीच होती: पैसे देऊन मारलेलं औषध उन्हाने वाया जातं का?

१९५० च्या दशकात मोन्युरॉन आणि डाययुरॉन ही युरिया गटातली तणनाशकं आली. ही मातीवर मारायची, मग पावसाने खाली उतरायची आणि मुळांतून तणात जायची. पण कोरड्या प्रदेशात पाऊस लांबला की औषध मातीवर तसंच पडून राहायचं. मग त्याचं काय होतं? १९६१ साली वेल्डन आणि टिमन्स या दोन अमेरिकन संशोधकांनी या दोन्हींवर प्रकाशाचा परिणाम तपासून प्रसिद्ध केला. प्रकाशाने ती विघटित होतात, हे दिसलं.

त्याच सुमाराला ट्रायफ्लुरालिन बाजारात आलं. पिवळ्या-केशरी रंगाचं रसायन. हे हवेत उडतंही आणि उन्हाने तुटतंही. त्यामुळे शेतकऱ्याला सूचना काय? फवारल्यावर लगेच कुळव फिरवून मातीत मिसळा. म्हणजे औषधाला उन्हापासून लपवा. एका अर्थाने बाटलीवर ऊन-मातीचं सगळं शास्त्रच छापलेलं होतं: मातीच्या वर असेल तर जातं, मातीच्या आत गेलं तर टिकतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या शाखेत डोनाल्ड क्रॉस्बी नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६६ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर टू-फोर-डीचा प्रकाशातला प्रवास पायरी-पायरीने मांडला. आधी बाजूची शेपटी तुटते आणि डायक्लोरोफेनॉल तयार होतं. क्लोरिन एकेक करून निघतात, त्या जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसते. शेवटी उरतो एक काळपट गोळा, जो मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थासारखा असतो.

यात दोन बातम्या आहेत. चांगली ही, की शेवट मातीसारखाच होतो. वाईट ही, की मधल्या पायऱ्या आहेत, आणि डायक्लोरोफेनॉल काही तीर्थ नाही, तेही विषारीच. आपण 'उडालं' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कापूर येतो. इथे तसं होत नाही. एक रेणू जातो, त्याच्या जागी दुसरा येतो, मग तिसरा.

पासवर्ड जुळला तरच लॉगिन

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मी इंजिनिअरिंग केमिस्ट्रीत जेमतेम पास झालोय, मला समजलं तर तुम्हालाही समजेल.

१८१७ साली ग्रोटहस यांनी एक नियम मांडला, पुढे ड्रेपर यांनीही स्वतंत्रपणे तोच मांडला: पदार्थ जो प्रकाश शोषतो, तोच प्रकाश त्याच्यात बदल घडवतो. नुसता अंगावर पडून उपयोग नाही. मी याला पासवर्ड म्हणतो. उन्हात खूप तरंगलांबी आहेत, पण रेणूला जी चालते ती त्यात नसेल, तर लॉगिन होत नाही.

सूर्याचा प्रकाश ओझोनच्या थरातून गाळून येतो. साधारण २९० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश जमिनीपर्यंत पोचतच नाही. म्हणजे उन्हात असलेला सगळ्यात ताकदवान पासवर्ड तिथे संपतो. प्रयोगशाळेतल्या अतिनील दिव्याखाली एखादं औषध तासाभरात तुटलं, तरी शेतात ते तसंच तुटेल असं नाही.

तणनाशकं इथेच वेगवेगळी वागतात. ट्रायफ्लुरालिन रंगीत आहे, म्हणजे उन्हातला प्रकाश ते भरपूर शोषतं, म्हणून पटकन तुटतं. आणि ग्लायफोसेट? बांधावर आज सगळ्यात जास्त चालणारं औषध. त्याचा रेणू उन्हातला प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. त्याला मातीत संपवतात ते मुख्यतः सूक्ष्मजीव. त्याचा पासवर्ड उन्हाकडे नाही, जिवाणूंकडे आहे.

मी काकाच्या पडवीत जाऊन ती रिकामी बाटली बघितली. सोबत घडी घातलेलं पत्रक, अक्षरं मुंगीएवढी. मोबाईलने फोटो काढून झूम केलं. ग्लायफोसेटच होतं.

स्क्रीन गार्डएवढं जग

आणि आता या भागाचं मधलं पान. ऊन मातीत किती खोल जातं?

विचार करा, टॉर्च मातीच्या ढेकळावर धरला तर पलीकडून दिसतो का? नाही. माती अपारदर्शक आहे. १९९० साली हेबर्ट आणि मिलर या दोघांनी मोजमाप प्रसिद्ध केलं. प्रकाशाने थेट रेणू तोडण्याचं काम मातीच्या वरच्या ०.२ ते ०.३ मिलिमीटरमध्येच होतं. म्हणजे तुमच्या फोनवरच्या टेम्पर्ड ग्लासच्या जाडीएवढं. तेवढंच.

अजून एक आडवाट आहे. मातीतला कुजका सेंद्रिय भाग आणि काही खनिजं प्रकाश शोषतात आणि ऑक्सिजनला चिथावतात. हा चिथावलेला ऑक्सिजन थोडा खाली सरकून रेणूंवर हल्ला करतो. ज्यांचा पासवर्ड उन्हाकडे नाही, अशातलीही काही रसायनं या मार्गाने तुटतात. पण हेही काम फार तर एक-दोन मिलिमीटरपर्यंत.

माती ओली असेल तर आणखी एक गंमत. पाणी वाफ होऊन वर जाताना खालचं औषध थोडंफार वर ओढून आणतं, म्हणजे उन्हाला नवा माल मिळतो. उलट जोराचा पाऊस आला तर वरचं औषध खाली नाहीतर बाजूच्या ओहोळात. एकदा त्या पाव मिलिमीटरच्या खाली गेलं की उन्हाचा हिशेब संपला.

म्हणून प्रत्येक औषधाची तीन आयुष्यं असतात. पानावरचं, मातीच्या कातडीवरचं आणि मातीच्या आतलं. पॅराक्वाट घ्या. १९६२ पासून बाजारात असलेलं हे औषध उन्हातच काम करतं, तण काही तासांत करपतं. पानावर राहिलेला काही भाग ऊन तोडतंही. पण मातीवर पडलं की ते चिकणमातीच्या कणांना असं घट्ट चिकटतं की ऊनही पोचत नाही आणि जिवाणूंनाही ते सहज सापडत नाही. वर्षानुवर्षं तिथेच. युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे, आपल्याकडे मिळतं.

अर्धं खरं किती महाग पडतं

'उन्हाने जातं' हे अर्धं खरं किती महाग पडू शकतं, त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण व्हिएतनाममध्ये आहे.

१९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन विमानांनी तिथल्या जंगलांवर तणनाशक फवारलं. त्यातलं सगळ्यात कुप्रसिद्ध एजंट ऑरेंज. त्यात टू-फोर-डी होतं आणि त्याचं भावंड टू-फोर-फाइव्ह-टी होतं. या दुसऱ्यात बनवतानाच डायॉक्सिन नावाचं भयंकर विष मिसळलेलं असायचं.

१९७७ साली आपल्या क्रॉस्बींनीच एका सहकाऱ्याबरोबर 'सायन्स'मध्ये निबंध छापला. तणनाशकात मिसळलेलं डायॉक्सिन पातळ थर करून काचेवर, पानावर, मातीवर ठेवलं आणि उन्हात ठेवलं, तर बहुतेक किंवा सगळं डायॉक्सिन एका दिवसात नाहीसं झालं. निष्कर्ष बरोबर होता. पण वाचताना 'पातळ थर' हे दोन शब्द विसरायचे नाहीत.

जिथे पिंपं साठवली, जिथे ती गळली, जिथे विमानं धुतली, तिथे पातळ थर नव्हता. औषध मातीत मुरलं, तळ्याच्या गाळात गेलं. दा नांगच्या विमानतळावर ते चाळीस वर्षांनंतरही होतं. २०१२ ते २०१८ या काळात तिथली माती खणून, ढीग करून, निदान ३३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साफ करावी लागली. बिएन होआ इथे असंच काम अजून चालू आहे.

मला वाचताना राब आठवला. शेवटी माती भाजावीच लागली. फरक इतकाच, की आमचे लोक ती तणासाठी भाजत होते आणि इथे ती तणनाशकासाठी भाजली.

आपल्या अंगणात: कर्जतचा प्रयोग

आता परत घरी या. पनवेलहून तासाभरावर कर्जत. १९१९ पासून तिथे भात संशोधन केंद्र आहे, आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. पनवेलमध्येही खारभूमी संशोधन केंद्र आहे, 'पनवेल-१', 'पनवेल-२' या खाऱ्या जमिनीत येणाऱ्या भाताच्या जाती तिथल्याच. आपण ज्या पनवेलला फक्त हायवे आणि विमानतळ म्हणून ओळखतो, तिथलं हे दुसरं काम.

कर्जत तालुक्यातच नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राईस टेक्निक, म्हणजे एसआरटी, ही पद्धत विकसित केली. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कायमचे गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडायची, थेट बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. गांडुळं वाढतात, माती सुधारते, मजुरी वाचते. लावणीला माणसं मिळत नाहीत हे आमच्या गावातलंही रडगाणं आहे, त्यामुळे काकालाही ही पद्धत खुणावते.

पण चिखलणी काढून टाकली की तणाचं काय? चिखल आणि पाणी हेच तर भातातलं जुनं तणनाशक होतं. म्हणून या पद्धतीत तणनाशकाचा आधार घेतात: जुनी धसकटं आणि तण मारायला ग्लायफोसेट, आणि पेरणीनंतर लगेच ओल्या मातीवर ऑक्सिफ्लोरफेन.

हे ऑक्सिफ्लोरफेन म्हणजे आजच्या भागाचा खरा हिरो की व्हिलन, तुम्हीच ठरवा. ते मातीच्या वरच्या थराला चिकटून पातळ पडद्यासारखं बसतं. तणाचा कोंब वर येताना या पडद्याला लागतो. मग त्याच्या पेशींत एक रंगद्रव्य साठतं, आणि त्यावर प्रकाश पडला की तो कोंब आतून जळतो. म्हणजे मारायला प्रकाश हवा. आणि हेच औषध मातीतले जिवाणू फार सावकाश संपवतात, अंधारात ते महिनोन् महिने टिकू शकतं. त्याला तोडणारा मोठा मार्ग कोणता? पुन्हा प्रकाशच. त्याची तलवारही ऊन आणि त्याचा काळही ऊन.

आता आमचा जुलै आठवा. सकाळी नऊला दिवे लावावे लागतात असं आभाळ. रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. ज्या महिन्यांत ही औषधं मातीवर पडतात, त्याच महिन्यांत आपल्याकडे ऊन सगळ्यात कमी असतं आणि पाणी सगळ्यात जास्त. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या, लखलखीत उन्हात मोजलेले दिवस कोकणातल्या आषाढाला लावता येत नाहीत. मला हे कोणावर आरोप म्हणून म्हणायचं नाही. मजूर नसताना शेती टिकवायचा एसआरटीचा प्रयत्न खरा आहे. पण 'ऊन बघून घेईल' हे वाक्य त्या हिशेबात धरता येणार नाही, एवढंच.

आजीला काय सांगितलं

चौथ्या रविवारी गावी गेलो आणि आजीसमोर बसलो. फोनवरचा टेम्पर्ड ग्लास दाखवला. म्हटलं, "ऊन एवढंच आत जातं. याच्या खाली अंधार."

ती म्हणाली, "मग टाकळा तर वर होता. त्याच्यावर ऊन पडलं ना?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून सांगितलं की काकाने मारलेलं औषध उन्हाने तुटणाऱ्यांतलं नाहीच. शिवाय ते पानावर राहत नाही, पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत जातं. आणि ते लगेच दिसत नाही. पिवळं पडायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही जातो. तोवर टाकळा हिरवाच दिसतो, कोवळा, खुडावासा वाटणारा. आजी आयुष्यभर डोळ्यांनी भाजी पारखत आली. पण हे औषध नेमकं डोळ्यांना फसवतं.

ती गप्प झाली. मग काकाला म्हणाली, "मला एक बांध ठेव. तिकडं विळ्यानंच कापायचं."

काकाने जरा कुरकुर केली. मग विहिरीकडचा बांध सोडला. बाकीच्या बांधांवर फवारलं की काठीला लाल चिंधी बांधतो. ही चिंधीची कल्पना त्याचीच, कारण वाडीवरच्या बायकाही आमच्या बांधावरून कुर्डू आणि टाकळा नेतात, त्यांना बाटलीवरचं पत्रक कोण वाचून दाखवणार? २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यानेच मारायचं. आमच्या गावात असा माणूस अजून कोणी बघितलेला नाही. चिंधी मात्र सगळ्यांनी बघितली.

गेल्या आठवड्यात पनवेलच्या बाजारात गेलो होतो. रस्त्याच्या कडेला रानभाज्यांच्या टोपल्या. विकणाऱ्या मावशीला विचारलं, कुठून आणली? ती म्हणाली, "डोंगराकडची हाय, बांधावरची नाय." मी न विचारताच तिने दुसरं वाक्य म्हटलं. म्हणजे हा प्रश्न तिला आधी कोणीतरी विचारला होता, किंवा तिने स्वतःलाच विचारला होता. मी दोन जुड्या घेतल्या.

तुमच्या घरी शेत असेल तर या आठवड्यात एक फोन करा. कुठल्या बांधावर काय मारलं, बाटलीवर नाव काय, आणि तिथली भाजी कोण खुडतं, एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि हा भाग घरच्या आजीला ऐकवा. ती भांडली तर समजा, तिने नीट ऐकला.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!